गुलामगिरीतून सुटका आणि जगभरातल्या बाळंतपणाच्या चालीरीती, ह्यावर कुठली पुस्तकं वाचू?

दोन्ही विषय एकत्र विचारलेत ते बरं केलंत, कारण अमेरिकेत गुलाम बाईच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतःच गुलाम ठरायचं, तसा कायदाच होता.

सगळ्यात आधी गुलामगिरीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्सचं आत्मकथन, 'इन्सिडंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' (१८६१) वाचा. मालकाच्या छळातून सुटायला ही बाई आजीच्या घराच्या एका खोपट्यात, छपराखालच्या पोकळीत जवळजवळ ७ वर्षं लपून राहिली. लांबी ९ फूट, रुंदी ७, आणि उंची जास्तीत जास्त ३ फूट म्हणजे उभंच राहता येत नाही! लाकडाला छोटं भोक पाडून ती खाली खेळणारी स्वतःची पोरं बघायची, पण हाक मारू शकत नव्हती. मी तो भाग वाचून पुस्तक मिटून ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडलं. गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथनही वाचाच, पण आईच्या बाजूने कळतं ते जेकब्सकडेच.

बाळंतपणासाठी मानववंशशास्त्रज्ञ ब्रिजिट जॉर्डनचं 'बर्थ इन फोर कल्चर्स' (१९७८). मेक्सिकोतला युकातान, हॉलंड, स्वीडन, अमेरिका अशी तुलना आहे. युकातानात तेव्हा बाई घरीच, टांगलेल्या जाळीच्या झुल्यात (हॅमॉकमध्ये) बाळंत व्हायची, नवरा जवळ असायचा, सुईण गप्पा मारत धीर द्यायची. आमच्याकडे फोंड्याला आजी सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद नि पेन ठेवायची, सटवी बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून, त्याची फार आठवण आली.

तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी चौकशी करा.