लोककथांमधली लबाड पात्रं चांगली म्हणायची की वाईट?

तुमचा प्रश्न असा आहे की कोल्हा, ससा, उंदीर, भोपळ्यातली म्हातारी ही सगळी मंडळी बिनदिक्कत खोटं बोलतात, तरी गोष्ट त्यांच्याच बाजूने का असते. आणि सहा वर्षांच्या मुलाला त्या सांगाव्यात का. सांगाव्यात, आणि काहीही न गाळता सांगाव्यात, असं माझं मत आहे. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

म्हातारीचं प्रकरण सोपं आहे. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा" असा शब्द ती वाघाला देते आणि येताना भोपळ्यात बसून सरळ मोडते. पण वाघ तिला खायलाच निघालेला असतो. जीव वाचवायला तिच्यापाशी जिभेखेरीज दुसरं काही नाही. तिथे कुणाचंच मन अडत नाही.

अडायला होतं ते टोपीवाल्या उंदरापाशी. त्याला एक चिंधी सापडते. ती तो परटाकडून धुवून घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो आणि तिला गोंडेही लावून घेतो. कुणाला एक पै देत नाही. कुणी नाही म्हणालं की राजाचे शिपाई आणून मार देववायची धमकी, वर मी बाजूला उभा राहून मजा बघेन ही मखलाशी. आणि मग हाच उंदीर ढोलकं बडवत राजासमोर जातो. राजाने टोपी काढून घेतली की "राजा भिकारी, माझी टोपी घेतली", परत दिली की "राजा मला भ्याला, माझी टोपी दिली". लहानपणी आम्ही पोरं ही शेवटची ओळ डबे वाजवत ओरडायचो. राजाची फजिती ऐकताना जो आनंद होतो तो खराच आहे. पण ज्या शिपायांची भीती घालून त्याने गरीब कारागिरांकडून फुकट काम काढून घेतलं, ते शिपाई त्याच राजाचे होते. दुबळ्यांवर दादागिरी आणि बलवानाची खिल्ली, दोन्ही एकाच इवल्याशा जिवात. हल्ली बरेच जण धमकीचा भाग वगळतात. परीट, रंगारी, शिंपी आपणहून मदत करतात असं सांगतात. माझ्या भाचीला मी मूळची गोष्ट सांगितली तेव्हा गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "मग शिंप्याला पैसे कुणी दिले?" गाळीव गोष्ट ऐकून हा प्रश्न तिला पडलाच नसता.

आता पंचतंत्राकडे या, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. ससा आणि सिंहाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली: विहिरीतलं प्रतिबिंब, सिंहाची उडी, ससा हुशार, टाळ्या. पण ही गोष्ट मूळ ग्रंथात कोण सांगतं? दमनक नावाचा कोल्हा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री त्यानेच जुळवलेली असते. पुढे सिंह बैलाच्या नादी लागतो, शिकार सोडतो, पदरचे प्राणी उपाशी राहू लागतात आणि दमनकाचं दरबारातलं वजनही जातं. म्हणून तो दोघांचे कान भरून ती मैत्री फोडायचं ठरवतो. हे जमणार कसं, अशी शंका त्याचा सोबती कोल्हा करटक काढतो, तेव्हा बुद्धी असेल त्याचंच बळ खरं, हे पटवायला दमनक त्याला सशाचा दाखला देतो. म्हणजे आपण मुलांना कौतुकाने सांगतो तो दाखला तिथे एका निरपराध बैलाला मारायच्या कटासाठी वापरलाय. सशाने अत्याचारी सिंहाला बुडवलं आणि दमनकाने निष्पाप संजीवकाला संपवलं; अक्कल तीच, हत्यार तेच.

आणि दमनकाला शिक्षा होत नाही. करटक त्याला चांगला फैलावर घेतो, धर्मबुद्धी-पापबुद्धीची गोष्ट सांगून कपट कसं अंगाशी येतं ते बजावतो. पण बैल मरतो, सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्रिपदावर कायम राहतो. पहिलं तंत्र तिथेच संपतं. विष्णुशर्मा राजपुत्रांना राजनीती शिकवत होता, आणि दरबारात अशी माणसं असतात व टिकतात, हे त्याने लपवलं नाही.

हा शेवट पुढे सगळ्यांना पचला नाही. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ते अरबीत आणलं. करटक-दमनकांचे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. अरबी ग्रंथात एक अख्खं जादा प्रकरण आहे, दिम्नाच्या चौकशीचं. अभ्यासक ते इब्न अल-मुकफ्फाचंच मानतात. त्यात सिंहाची आई पुढाकार घेते, बिबट्या साक्ष देतो, दिम्ना शेवटपर्यंत वकिली थाटात युक्तिवाद करतो आणि अखेर मारला जातो. वाचायला प्रकरण झकास आहे, न्याय झाल्याचं समाधानही मिळतं. तरी मला संस्कृतातला शेवटच जास्त प्रामाणिक वाटतो. दिम्ना मेला की वाचणारा निश्चिंत होतो. दमनक मंत्रिपदावर बसलेला असतो तेव्हा डोक्यातून जात नाही.

जमैकात अनान्सी नावाच्या कोळ्याच्या, म्हणजे जाळं विणणाऱ्या किड्याच्या, गोष्टी सांगतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी त्या सोबत नेल्या. अनान्सी मालकासारख्या दांडग्यांना फसवतो, तसाच हावरटपणापायी आपल्याच माणसांनाही. गोष्ट संपली की सांगणारा म्हणतो, "जॅक मँडोरा, मी नो चूज नन". म्हणजे यातल्या बऱ्यावाइटाची जबाबदारी माझ्यावर नाही. निवाडा ऐकणाऱ्याने करायचा.

तुमच्या मुलाला आधी म्हातारी सांगा, मग उंदीर धमकीसकट सांगा आणि तो काय विचारतो ते बघा. ससा-सिंह आता सांगितलात तरी चालेल, पण दहा-बारा वर्षांचा झाला की तीच गोष्ट पुन्हा काढा, आणि या वेळी ती कुणी, कुणाला आणि कशासाठी सांगितली होती तेही सांगा.