पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याभोवतीची जमीन स्वच्छ कशी ठेवावी? वास जाण्यासाठी काय शिंपडावं?

परसात पक्ष्यांना पाणी ठेवता, पण भांड्याभोवती चिखल होऊन कुबट वास सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. काहीही शिंपडू नका. तिथली ओल आणि कुजकी माती काढली की वास आपोआप जातो.

मी बेळगावात अनगोळला राहते. पहिल्या उन्हाळ्यात मीसुद्धा फिनेल टाकलं होतं. वास गेला, पण आठ दिवस एक पक्षी फिरकला नाही. फार वाईट वाटलं. फिनेल, डांबरगोळ्या, सुगंधी फवारे तिथं नकोतच, कारण खाली साचलेल्या पाण्यातही पक्षी चोच बुडवतात.

एकदा भांडं उचलून खालची माती बोटानं उकरून बघा. आमच्या तांबड्या मातीत बोटभर खाली काळपट, चिकट थर लागला होता, नासक्या अंड्यासारख्या वासाचा. माती सतत भिजलेली राहिली की तिच्यात हवा शिरत नाही, आणि विष्ठा, पडलेले दाणे तसेच कुजत राहतात.

पाणी येतं कुठून तेही बघा. साळुंकी आंघोळीला उतरली की पंख फडफडवून अर्धं भांडं रिकामं करते, थेंब हातभर लांब उडतात. आमचं भांडं खानापूरच्या मातीचं. झिलई न दिलेलं मातीचं भांडं बुडातूनही पाझरतं, म्हणून ते तीन विटांवर ठेवलंय. शिवाय सकाळी भांड्यातलं शिळं पाणी मी तिथंच ओतायची, ती चूक होती. आता ते लांबच्या झाडाला घालते.

भांड्याच्या चारी बाजूंनी दीड हात जागा चार-पाच इंच खोल उकरा, काळी माती काढून टाका आणि धुतलेली खडी भरा. मुरूम नको, पाण्यानं त्याचा परत चिखल होतो. खाली प्लास्टिकही अंथरू नका, पाणी मुरायला पाहिजे. उतार जिकडं असेल तिकडं गवती चहा किंवा वाळा लावा, पण तीन-चार फूट लांब. गवत भांड्याला चिकटून असलं की मांजर त्यात दबा धरून बसतं.

ज्वारी, कण्या पाण्याजवळ टाकूच नका. भिजलेल्या कण्या एका दिवसात आंबतात.

वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. तिची धूळ छातीत गेली तर आजार होऊ शकतो. नाकाला ओढणी बांधायची, पाणी मारून भिजू द्यायचं, मग खराटा. खडीवर आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतलं की पुरतं. भांडं मात्र रोज नारळाच्या काथ्यानं, साबण न लावता घासायचं. पाणी रोज बदललं की डासांच्या अळ्याही वाढत नाहीत, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

मृगाचा पाऊस धरला की मी भांडं उचलून पालथं घालते. पक्ष्यांना तेव्हा सगळीकडं पाणी असतं, आणि खडी पावसात धुऊन निघते.

आत्ता भांडं चार दिवस दुसरीकडं ठेवा आणि उकरलेला खड्डा उन्हात खडखडीत वाळू द्या. खडी त्यानंतरच भरा. जागा बदलली म्हणून पक्षी येणार नाहीत ही भीती बाळगू नका. आमच्याकडं दयाळ दुसऱ्याच सकाळी नव्या जागी येऊन काठावर बसला होता.