शहाद्याला २० खाटांचं हॉस्पिटल आहे. केसपेपर बंद करून सॉफ्टवेअर घ्यायचंय, कोणतं घ्यावं?

सॉफ्टवेअरचं नंतर बघा. केसपेपरच्या खिडकीवर कोण बसणार, ते आधी ठरवा. डॉक्टरांना टायपिंग जमेल का यावरच सगळे वाद घालतात, पण रेकॉर्ड बिघडतं ते खिडकीवर. तिथे सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात नवा मुलगा बसवणं मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे एकाच पाड्यावर एकाच नावाचे चार पावरा, तीन वसावे. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, मोबाइल पुतण्याचा. म्हणून पेशंटचा नवा नोंदणी नंबर काढण्याआधी मोबाइलवरून शोधा, मग नावाची पहिली तीन अक्षरं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पाडा, आणि वय पाच वर्षं मागेपुढे धरून. मोबाइल कोणाचा, तेही लिहा. बाळाची नोंद आईच्या नावाने झालेली असते. बारशानंतर त्याच नंबरावर नाव बदला.

नोंद दुबार झाली की काय होतं ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसतं. सोल्युबिलिटी ही पहिली, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे कळत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची रक्ततपासणी लागते. पहिला रिपोर्ट एका नंबरावर, दुसरा भलत्याच. रात्री अंग ठणकतंय म्हणून पोरगं आणलं, तर ड्युटी डॉक्टरसमोर नुसतं ‘सिकल पॉझिटिव्ह’. म्हणून या रकान्यात हवं ते टाइप करू देऊ नका. निवडायला एए (नॉर्मल), एएस, एसएस, इतर आणि ‘एचपीएलसी बाकी’ एवढेच पर्याय द्या.

दुबार नोंदी जोडायचा अधिकार एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. चुकीची जोडणी दुबार नोंदीहून वाईट, कारण दुसऱ्याची ॲलर्जी याच्या नावावर चढते.

केसपेपर स्कॅन करून पीडीएफ ठेवणं म्हणजे डिजिटल होणं नव्हे. पीडीएफमधलं हिमोग्लोबिन मागच्या महिन्याशी ताडून बघता येत नाही.

आभाचा (सरकारी आरोग्य खात्याचा, आयुष्मान भारत हेल्थ अकाउंटचा) १४ अंकी नंबर जोडा, पण तो ऐच्छिक आहे, त्यावाचून पेशंट अडवू नका. आभा काढलं म्हणजे सुरतेच्या डॉक्टरला सगळं दिसेल असंही नाही; रेकॉर्ड तुमच्याकडेच राहतं, दोन्ही हॉस्पिटलं जोडलेली असतील आणि पेशंटने संमती दिली तरच तिकडे दिसतं. तोवर डिस्चार्ज कार्ड छापून हातात द्या.

आणि कोणतं घ्यावं म्हणाल, तर जो विक्रेता सगळा डेटा बाहेर काढून देईल आणि बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमच्यासमोर उघडून दाखवेल, त्याचं. पैसे त्यानंतर द्या.