रंगच नाही, मग रानफुलाचा कृष्णधवल फोटो ही कला कशी?

रंग गेला की आकार दिसायला लागतो, म्हणून. कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो बघा. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारा हा माणूस रस्त्याकडेची, रुळांलगतची रानटी झाडंझुडपं खुडून आणायचा आणि घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने टिपायचा, काही तर ३० पट मोठी करून. मागे नुसता कोरा पुठ्ठा. नेच्याचा न उलगडलेला कोंब लोहाराने वळवलेल्या वेलबुट्टीसारखा दिसतो, त्यावरची लव न् लव मोजावी! मुळात हे फोटो विद्यार्थ्यांना नक्षीकाम शिकवण्यासाठी होते. १९२६ साली ते बर्लिनच्या गॅलरीत लागले, १९२८ साली पुस्तक आलं आणि साठी ओलांडल्यावर त्याचं नाव झालं. नेच्यांपासून सुरुवात करा, मग फुलांकडे वळा.