आधी खंडाची वही, मग हवेली

प्रिय,

अनेक आशीर्वाद. इंग्लंडच्या जमीनदार उमरावांवर प्रबंध करायचा तू ठरवलंस आणि त्यासाठी पूर्व इंग्लंडातल्या नॉर्फक परगण्यात निघालीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तुझ्या टिपणात हवेलीला चार पानं आहेत, चित्रांना दोन, आणि कुळांना जेमतेम एक ओळ. हा क्रम उलटा कर.

पहिली गोष्ट ही, की असा उमराव बहुधा आपल्या जमिनीचा पुरता धनी नसे. घराण्याच्या दस्तानुसार तो हयातीपुरता वहिवाटदार. थोरला मुलगा २१ वर्षांचा झाला, की बापलेक वकिलासमोर बसून नवा दस्त करत आणि अजून जन्मालाही न आलेल्या नातवासाठी जमीन बांधून ठेवत. मुलाला ताबडतोब वर्षासन सुरू होई, म्हणून तोही सही करी. विधवेची तजवीज, मुलींचे हुंडे, धाकट्यांचे वाटे, सगळ्याचा बोजा त्याच जमिनीवर. त्यामुळे हजारो एकरांचा अर्ल कर्जात रुतलेला दिसला तर चकित होऊ नकोस. १८८२ च्या कायद्याने विक्रीची वाट मोकळी केली, तोवर ती फार अवघड होती. धाकटे मग फौजेत, चर्चमध्ये नाहीतर हिंदुस्थानात जात. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर चाल करून आलेला आर्थर वेलस्ली आयर्लंडातल्या अशाच एका अर्लचा धाकटा मुलगा.

आता कुळांकडे ये. आपल्याकडचं कूळ म्हणजे दोन-चार एकरांत स्वतः राबणारा माणूस. नॉर्फकचं कूळ शेकडो एकर खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक भाड्याने, घेई आणि राबायला मजूर ठेवी. जमीनदार, कूळ, मजूर अशा तीन पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाने स्वतःहून लिहिलेलं फार थोडं सापडेल, म्हणून ते जास्त चिकाटीने शोध.

होल्कमला तू जाशीलच. १७७६ मध्ये ती जहागीर थॉमस कोककडे आली. अर्ल हा किताब त्याला मिळाला थेट १८३७ मध्ये. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर हा चारा, ही पिकांची फेरपालट त्याने शोधली असं सांगतात. ते खरं नाही, ती आधीपासून चालत होती. त्याचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. तो २१-२१ वर्षांचे पट्टे देई, त्यामुळे जमिनीत पैसा घातला तर तो आपल्याच हयातीत परत येईल, असा कुळाला भरवसा वाटे. त्याच्यामागे वर्गणी काढून तिथे एक उंच स्तंभ उभारला आहे. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर बैल, मेंढ्या, नांगर आणि पेरणीयंत्र आहेत, आणि एका शिल्पपट्टीवर कुळाला पट्टा दिला जातो आहे. तिच्यासमोर थोडा वेळ थांब. उमरावाच्या स्मारकावर लढाईऐवजी भाडेपट्टा कोरलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबीही सोडू नकोस. तिथल्या लॉर्ड मिल्टनला आपल्या हवेलीजवळचं, जुन्या मठाशेजारचं गजबजलेलं गाव नजरेआड हवं होतं. त्याने ते पाडलं आणि दूर उतारावर एकसारखी, गवती छपरांची पांढरी घरं बांधून लोकांना तिकडे हलवलं. आज पर्यटक त्याच घरांचे फोटो काढतात.

शिकारीचे कायदेही नीट वाच. जमीनदार पट्ट्यातच शिकारीचा हक्क स्वतःकडे ठेवी. ससे उभं पीक खाऊन जात आणि कूळ बघत राही. ससे मारण्याचा पक्का हक्क कुळाला मिळाला तो १८८० मध्ये. चोरट्या शिकाऱ्याला शिक्षा सुनावणारा मॅजिस्ट्रेटही बहुधा परिसरातला जमीनदारच. हे काम तो विनावेतन करी. ते त्याचं कर्तव्य होतं हे मान्य, पण त्याच खुर्चीत त्याची सत्ताही होती. दोन्ही एकाच परिच्छेदात लिही.

विसाव्या शतकासाठी डेव्हनशरच्या ड्यूकांची हवेली चॅट्सवर्थ पुरे. दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मिळकत मुलाच्या नावे केली. वारसाकर टळायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये तो गेला, काही महिने आधी. कर ८० टक्के. घराण्याची दुसरी हवेली हार्डविक हॉल सरकारकडे गेली, बरीच जमीन आणि मोलाच्या कलाकृतीही गेल्या. आज चॅट्सवर्थ विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आहे आणि कुटुंब आपल्या खोल्यांचं भाडं भरतं.

दफ्तरखान्यात गेलीस की आधी खंडाच्या वह्या आणि कारभाऱ्याची पत्रं मागव. वसुलीचे दिवस साधारणपणे २५ मार्च आणि २९ सप्टेंबर. १८७९ चा उन्हाळा पावसाने बुडवला, पिकं गेली, आणि अमेरिकेचा गहू येतच होता. त्या सालानंतर कोणत्या घराण्याने खंडात सूट दिली, कोणी कुळाला जाऊ दिलं, कोणी पाणी निचऱ्याच्या चरांवर खर्च केला, एवढंच आधी मांड. पहिलं प्रकरण तेवढ्याचंच पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
सर