गॅलरीतली सायकल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सायकल विकावी की सगळी उतरवून नव्याने बांधून घ्यावी, असं विचारलं आहेस; पण अर्धं पत्र बाबांबद्दल आहे. त्यांनी हौसेने घेऊन दिलेली सायकल तीन पावसाळे गॅलरीत ताडपत्रीखाली उभी आहे, याचं तुला वाईट वाटतंय. ती रुखरुख आधी बाजूला ठेव. साताऱ्यात असताना याच सायकलवर तू अजिंक्यताऱ्याचा चढ काढलास, यवतेश्वरचा घाट न उतरता पार केलास. बाबांचे पैसे तेव्हाच फिटले. आता प्रश्न फक्त सायकलचा आणि तुझ्या रविवारांचा आहे.

सगळ्यात आधी फ्रेम बघ, बाकी काहीही नंतर. ओल्या फडक्याने पुसून घे आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडून सांधे तपास: हँडलखाली जिथे दोन नळ्या एकत्र येतात तो, आणि पॅडलच्या धुऱ्याभोवतालचे. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर नखाने चाचप. हे एवढं कळकळीने सांगतोय, कारण मी उलटं केलं होतं. जुन्या सायकलला नवी चाकं, नवे गिअर चढवले आणि मग धुऱ्यापाशी तडा दिसला. वेल्डिंग करून घेतलं, दोन महिन्यांत पुन्हा उकललं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी तिथलीच बळकटी जाते. तडा असेल तर ती फ्रेम कुणाला विकायचीही नाही. सुटे भाग काढ आणि फ्रेम भंगारात दे.

फ्रेम धड निघाली तर चेन मोज. स्टीलची पट्टी घे, एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोज. नव्या चेनची पिन बरोबर बारावर येते. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग); पूर्ण सूत गेली असेल तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, तीही झिजलेली असणार, नवी चेन त्यांवर घसरेल. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलव. हँडलखाली कटकट लागली तर तिथले छरे बघायचे. चाक आणि क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरून आडवं हलव, तिथेही तेच.

आता शॉकअप, म्हणजे पुढच्या चाकाचा दणके झेलणारा चिमटा. त्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव. गंजाचे खड्डे लागले तर नवीन सील टाकून उपयोग नाही, ते खड्डे नवं सीलही कापतील. इथेच दुकानात तुला नवा फोर्क, म्हणजे अख्खा नवा शॉकअप, सुचवतील. घेऊ नकोस. तुझी चाकं २६ इंची आहेत, म्हणजे रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर; आताच्या माउंटन बाइकना बहुतेक २७.५ किंवा २९ इंची चाकं, म्हणजे ५८४ किंवा ६२२. चांगले फोर्क त्याच मापांत येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची वरची नळी खाली रुंद होत जाते. तुझ्या फ्रेमचा गळा, म्हणजे ही नळी जिथे शिरते तो भाग, सरळ आहे, त्यात ती बसणारच नाही. म्हणून ही सायकल नव्याच्या तोडीची करण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक भाग बदललास की तो शेजारचा भाग मागतो, आणि खर्च नव्या सायकलच्या जवळ जातो.

पण लगेच विकूही नकोस. चेन, फ्रीव्हील, केबली, ब्रेकपॅड, दोन ट्यूब, चाकांचा आउट (वाकडेपणा) काढणं आणि ग्रीस, एवढंच कर. तीन हजारांच्या आसपास भागेल. टायरच्या बाजूंना उन्हाने चिरा पडल्या असतील तर ते मात्र बदलावे लागतील. त्यात काटकसर नको. शॉकअप जड झाला असेल तर तसाच राहू दे, डांबरी रस्त्याला चालतो. पण नळ्या आतल्या आत खडखडत असतील, तर त्याजागी शॉकअप नसलेला साधा लोखंडी चिमटा बसवून घे. तुझ्या मापाचा आणि डिस्क ब्रेकची जागा असलेला मिळतो.

मग सहा रविवार. पुण्यात राहतेस, खडकवासल्यापर्यंत तरी जा. आणि सायकल गॅलरीतून काढून जिन्याखाली आण. चौथ्या मजल्यावरून चौदा-पंधरा किलो खाली आणायचे म्हटल्यावर कुणाचाही पाय अडखळतो. मला तर वाटतं तू चालवत नव्हतीस त्याचं निम्मं कारण तेच आहे. जागेसाठी सोसायटीत विचार, माणसं नाही म्हणत नाहीत.

सहांतले चार रविवार गेलीस तर ठेव. एक-दोनच झाले तर विक, आणि बाबांना स्वतः फोन करून सांग. विकताना धुऱ्याखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी जुळवून दाखव, शॉकअपची खरी अवस्था आधीच बोल. कॉलेजातल्या एखाद्या मुलाला मिळाली तर दोन पैसे कमी घे.

या आठवड्यात फक्त पुसणं आणि मोजणं कर. सांध्यांचे फोटो पाठव, रात्री बॅटरी एका बाजूला धरून काढलेले. दुपारच्या उन्हात तडा दिसत नाही. चेनचं मापही लिही.

तुझा,
काका