आईच्या आधारच्या झेरॉक्स गावभर झाल्या आहेत. आता काय करता येईल?

तुम्ही पुण्यात, आई कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात. गृहलक्ष्मीपासून (बायकांना महिन्याला पैसे देणारी कर्नाटक सरकारची योजना) पीककर्जापर्यंत जागोजागी तिच्या आधारच्या झेरॉक्स दिल्या, फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडून आहेत. ते परत कसे मिळवायचे, असं विचारलंत.

मिळणार नाहीत, तो नाद सोडा. पण ते कागद हातात असूनही कुणाला काही साधू नये, एवढं घरबसल्या करता येतं.

आधी अंगठ्याचं बघा. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. २०२३ मध्ये आपल्या कर्नाटकातच कावेरी या सरकारी दस्तनोंदणी पोर्टलवरच्या खरेदीखतांवरून ठसे उचलून पैसे काढल्याची प्रकरणं उघड झाली. आईच्या नावावर जमिनीचा दस्त झाला असेल, तर हे आजच करा: आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याला कुलूप. गृहलक्ष्मीचे दोन हजार लॉक असलं तरी खात्यात येतात. रेशनला अंगठा द्यायचा तेव्हा तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. आधारला तुमचा मोबाईल जोडलेला असेल तर ते पुण्यातूनही जमतं. रांगेत तिचा नंबर जवळ आला की फोन करायला सांगा.

पुढच्या झेरॉक्स ‘मास्क्ड’ आधारच्या द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बँक किंवा सरकारी कचेरी अडून बसली तर पूर्ण द्या, पण त्यावर पेनने कारण आणि तारीख आडवी लिहून. आणि डाउनलोड केलेली फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. कुलूप नसल्यातच जमा!

आपल्या भागातली खरी गोची वेगळीच आहे. मेसेज येतात कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आणि मराठी शाळेत शिकलेली आपली आई-काकू फोन सरळ समोरच्या पोराच्या हातात देते, “बघ रे बाळा, काय आलंय.” पोरगा भला असेलही, पण ओटीपी गेलाच ना. ती सवय मोडायला वेळ लागेल. आकडे आले की आधी तुम्हाला फोन, एवढंच तिला पक्कं सांगा. आधारबद्दल शंका असेल तर १९४७ वर मराठीतही बोलता येतं.

कायद्याचं म्हणाल तर, खासगीपणा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७चा निकाल ज्यांच्या याचिकेवर आला ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. दुकानदाराच्या फोनमधला फोटो मात्र तुम्हालाच गोड बोलून पुसून घ्यावा लागेल.

‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आईच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघून टाका, अनोळखी निघालं तर तिथेच कळवता येतं. आणि पैसे गेल्याचा मेसेज आलाच, तर शाखा उघडायची वाट न बघता लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक, मग बेळगावचं सायबर पोलीस ठाणं.